हौशी विमान : पुनर्बांधणी व नोंदणी

कारखान्यात मालिकेने तयार न होता एखाद्या व्यक्तीने किंवा छोट्या गटाने स्वतःच्या शिक्षणासाठी अथवा आवडीसाठी बांधलेल्या हलक्या विमानास हौशी विमान म्हणतात. असे विमान अपघातात सापडून, वादळात उलटून किंवा दीर्घकाळ पडून राहून निकामी झाल्यावर त्याचे अवशेष घेऊन ते पुन्हा उड्डाणयोग्य करणे आणि नव्या मालकाच्या नावे त्याची शासकीय दप्तरी नोंद करून घेणे, या दोन क्रियांचा विचार प्रस्तुत नोंदीत केला आहे. या क्रिया परस्परांशी निगडित असल्या, तरी त्यांची उद्दिष्टे भिन्न आहेत. पुनर्बांधणीने विमानाचे बळ परत मिळवावयाचे असते. नोंदणीने त्याची ओळख व मालकी निश्चित होते. या दोहोंना जोडणारा दुवा म्हणजे विमानाचा लेखी इतिहास होय. मोडलेला पंख नव्याने बनविता येतो. पण मूळ पंख कोणी, कोणत्या धातूचा व कोणत्या आराखड्याप्रमाणे बनविला होता याचे कागद हरवले असतील, तर ते मागाहून निर्माण करता येत नाहीत. भग्न हौशी विमान घेणाऱ्यापुढील सर्वांत अवघड प्रश्न बहुधा हाच ठरतो.

ऐतिहासिक आढावा : राइट बंधूंचे १९०३ सालचे विमान सायकलींचे दुकान चालविणाऱ्या दोघा भावांनीच बांधलेले होते. ब्राझीलचे आल्बेर्तो सांतोस द्यूमाँ यांनी ‘देम्वाझेल’ या आपल्या छोट्या विमानाचे आराखडे १९०९ च्या सुमारास कोणासही विनामूल्य वापरण्यास खुले केले. फ्रान्समधील आंरी मीन्ये यांनी १९३४ मध्ये एका पुस्तकाद्वारे आपल्या विमानाची कृती प्रसिद्ध केली. ‘उडती पिसू’ या नावाने गाजलेले हे विमान यूरोपात अनेकांनी आपापल्या घरी बांधावयास घेतले. १९३५–३६ मध्ये त्यास प्राणघातक अपघात झाल्यावर ब्रिटन व फ्रान्स येथील मोठ्या वातविवरांत पूर्णाकृती विमानाच्या चाचण्या घेण्यात आल्या. विमानाचे नाक विशिष्ट मर्यादेपलीकडे खाली झुकल्यास पुढच्या व मागच्या पंखांवरील हवेच्या परस्परक्रियेमुळे ते वर उचलता येत नाही, असे त्यांत आढळून आले. बांधणी कितीही काळजीपूर्वक केली, तरी आराखड्यातील दोष तिने दूर होत नाही, हा धडा त्यामुळे मिळाला.

दुसऱ्या महायुद्धानंतर ब्रिटनमध्ये १९४६ साली व अमेरिकेत १९५३ साली हौशी विमानबांधणी करणाऱ्यांच्या संघटना स्थापन झाल्या. अनुभवी सभासदांनी नवख्यांच्या कामाची टप्प्याटप्प्याने तपासणी करावी, ही पद्धत तेथे रुजली. अमेरिकेतील नियमानुसार विमानाच्या बांधणीचा निम्म्याहून अधिक भाग हौशी व्यक्तींनी शिक्षण वा करमणूक या हेतूने केलेला असला, तरच ते या वर्गात मोडते. भारतात बंगलोरच्या राष्ट्रीय वैमानिकी प्रयोगशाळेने बर्ट रटन यांच्या ‘लाँग-ईझी’ या हौशी विमानावर आधारलेले एक संशोधन विमान बांधले व त्याचे उड्डाण १९८७ मध्ये झाले. काचतंतू व रेझीन यांच्या संमिश्र बांधणीचा त्या वेळी मिळालेला अनुभव प्रयोगशाळेच्या ‘हंस’ या दोन आसनी शिकाऊ विमानास उपयोगी पडला.

वाहन व विमान यांतील भेद : पिंपरी-चिंचवड व चाकण या पट्ट्यातील वाचकास नोंदणीची कल्पना मोटारगाडीवरून सहज येईल. तेथील कारखान्यात तयार होणाऱ्या गाडीच्या नमुन्याची आधी अधिकृत संस्थेकडून चाचणी होते. पुण्यातील ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया ही अशा संस्थांपैकी एक आहे. नमुना एकदा मान्य झाला, की त्याबरहुकूम निघालेल्या हजारो गाड्यांच्या बळकटीची स्वतंत्र परीक्षा ग्राहकास द्यावी लागत नाही. परिवहन कार्यालयात नोंद होऊन ‘एमएच-१४’ अशा अक्षरांकांची पाटी लागली, की गाडी रस्त्यावर येते.

कारखान्यातील विमानांनाही नमुना प्रमाणपत्राची अशीच पद्धत लागू असते. हौशी विमान मात्र स्वतःच आपला एकमेव नमुना असते. एकाच आराखड्यावरून दोघांनी बांधलेली दोन विमाने वजनात, नळ्यांच्या मार्गात किंवा नियंत्रकांच्या जागेत वेगळी असू शकतात. त्यामुळे एकाची परीक्षा दुसऱ्यास लागू पडत नाही. भग्न विमानाची पुनर्बांधणी झाली, की हा वेगळेपणा आणखी वाढतो. कारण आता त्यात दोन निर्मात्यांचे हात असतात.

हा भेद दुर्लक्षिल्यास काय घडते, याचे एक उदाहरण प्रसिद्ध आहे. अमेरिकन गायक जॉन डेन्व्हर यांनी दुसऱ्याने बांधलेले एक लाँग-ईझी विमान विकत घेतले होते. इंधनाच्या टाक्या बदलणारी झडप मूळ आराखड्यात वैमानिकाच्या पायांमध्ये होती. या विमानात ती बांधणाऱ्याने डाव्या खांद्याच्या मागे बसविली होती. १२ ऑक्टोबर १९९७ रोजी कॅलिफोर्नियातील माँटेरी उपसागरावर हे विमान कोसळून डेन्व्हर मृत्यू पावले. झडपेकडे हात नेण्यासाठी शरीर वळविताना विमानावरील ताबा सुटला, असा निष्कर्ष चौकशीत निघाला. विमानाचा सांगाडा निर्दोष असूनही मूळ आराखड्यापासून केलेला फरक नव्या मालकाच्या जिवावर बेतू शकतो, हे यावरून स्पष्ट होते.

अवशेषांची ओळख : भग्न विमान खरेदी करण्यापूर्वी हानीच्या अंदाजाइतकीच त्याची ओळख पटविणे महत्त्वाचे असते. अपघातग्रस्त विमान अन्वेषण अधिकाऱ्यांच्या अनुमतीवाचून हलविता येत नाही. विमा कंपनीने भरपाई दिली असल्यास अवशेषांची मालकी तिच्याकडे गेलेली असू शकते. तेव्हा विक्रेत्यास विक्रीचा अधिकार आहे किंवा कसे, हे आधी पाहावे लागते. परदेशातून आणलेल्या विमानासाठी तेथील नोंद रद्द झाल्याचा दाखला व सीमाशुल्क भरल्याचे कागद लागतात. १९४४ च्या शिकागो करारानुसार एक विमान एका वेळी एकाहून अधिक राष्ट्रांत नोंदलेले असू शकत नाही.

प्रत्येक विमानावर अग्निरोधक धातूची ओळखपट्टी असावी, असा आंतरराष्ट्रीय संकेत आहे. सर्व काही जळून गेल्यावरही ही पट्टी वाचता यावी, हा त्यामागील हेतू. म्हणूनच एका विमानाची पट्टी काढून दुसऱ्यावर लावणे हा गंभीर गुन्हा समजला जातो. जुन्या सांगाड्यातील फार थोडे भाग शिल्लक राहून बाकी सर्व नवे बसविले असेल, तर ते जुनेच विमान मानावे की नव्याने बांधलेले, हा प्रश्न अधिकाऱ्यांपुढे प्रारंभीच मांडणे हिताचे असते. विमान, एंजिन व प्रचालक (फिरणारा पुढील वा मागील पंखा) यांच्या स्वतंत्र नोंदवह्या, मूळ आराखडे, बांधणीच्या काळातील छायाचित्रे आणि सामग्रीच्या पावत्या यांवर त्याचे उत्तर अवलंबून असते.

सांगाड्याची तपासणी : आघाताची खूण जेथे दिसते, तेथेच हानी संपते असे नाही. चाकावर बसलेला धक्का धडाच्या जोडांतून पंखाच्या मुख्य तुळईपर्यंत पोहोचतो. म्हणून सर्व आवरण काढून सांगाडा उघडा करतात व ठरावीक बिंदूंमधील अंतरे मोजून तो पिळवटला आहे काय, हे पाहतात.

पोलादी नळ्यांच्या सांगाड्यात बहुधा क्रोमियम व मॉलिब्डेनमयुक्त पोलाद वापरतात. वितळजोडाच्या शेजारील पट्टा, वाकलेल्या नळ्या व सर्वांत खालच्या नळ्यांची आतील बाजू येथे दोष आढळण्याचा संभव अधिक असतो. आडोशावाचून दोन-तीन पावसाळे काढलेल्या सांगाड्यात नळी बाहेरून शाबूत दिसत असूनही आतून गंजलेली असते. ॲल्युमिनियमाच्या पत्र्यावर सुरकुत्या, ढिले झालेले रिव्हेट व त्यांभोवतीची काळी भुकटी ही हानीची चिन्हे होत. लाकडी बांधणीत सरसाचे जोड सुटणे व ओल धरणे हे मुख्य दोष असतात. काचतंतूंच्या संमिश्र बांधणीत थर एकमेकांपासून सुटलेले बाहेरून दिसत नाहीत. नाण्याने हलके ठोकून आवाज कोठे बद्द होतो, हे ऐकण्याची साधी चाचणी तेथे उपयोगी पडते. रेझीन उष्णतेने मऊ पडत असल्याने अशी विमाने बहुतेक पांढऱ्या रंगाने रंगविलेली असतात. गडद रंग दिल्यास उन्हात त्यांचे बळ घटण्याचा धोका असतो.

पृष्ठभागावरील बारीक भेगा रंजक द्रवाने, पोलादातील भेगा चुंबकीय कणांनी आणि आतील दोष श्राव्यातीत तरंगांनी शोधता येतात. या पद्धतींनी भागाची मोडतोड न करता परीक्षण होते.

एंजिन : प्रचालक फिरत असताना जमिनीस लागल्यास एंजिन क्षणार्धात थांबते व तो आघात क्रँकशाफ्ट आणि दंतचक्रांपर्यंत जातो. असे एंजिन नंतर सुरळीत चालले, तरी ते पूर्ण खोलून तपासल्याशिवाय वापरू नये, असा निर्मात्यांचा दंडक आहे. हलक्या विमानांत पुष्कळ ठिकाणी आढळणाऱ्या रोटॅक्स ९१२ या ऑस्ट्रियन एंजिनास मोटारीचे पेट्रोल चालते. परंतु त्यातील एथेनॉलाचे प्रमाण १० टक्क्यांपर्यंतच असावे, अशी मर्यादा निर्मात्याने घातली आहे. भारतात २०२५ पर्यंत २० टक्के एथेनॉल मिसळलेले पेट्रोल सर्वत्र रूढ झाल्याने पंपावरील इंधन अशा विमानात तसेच भरणे योग्य ठरत नाही. जुन्या रबरी नळ्या, वेष्टने व काचतंतूंच्या टाक्या यांवर एथेनॉलाचा परिणाम होतो. त्यामुळे पुनर्बांधणीच्या वेळी संपूर्ण इंधनव्यवस्था नव्याने करणे श्रेयस्कर असते.

सामग्री व स्थानिक उद्योग : महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची स्थापना १९६२ मध्ये झाल्यानंतर पिंपरी, चिंचवड, आकुर्डी व भोसरी येथे आणि पुढे चाकण परिसरात यंत्रोद्योगाची दाट वीण तयार झाली. मोठ्या वाहन कारखान्यांना सुटे भाग पुरविणाऱ्या तेथील लघुउद्योगांत संगणकनियंत्रित यंत्रण, आर्गॉन वायूच्या आवरणातील वितळजोडकाम, उष्णता संस्करण व धातुपरीक्षण ही कामे नित्याची आहेत. पुनर्बांधणीसाठी लागणारे कसब त्यामुळे एका दिवसाच्या फेरीत मिळू शकते. तथापि कसब व सामग्रीची विश्वसनीयता या वेगळ्या गोष्टी आहेत.

बोल्टचे उदाहरण घेता येईल. वाहनउद्योगात सर्वत्र वापरल्या जाणाऱ्या ८·८ प्रतीच्या बोल्टचे ताणबल दर चौ. मिमी.स सु. ८०० न्यूटन असते. विमानातील सर्वसाधारण बोल्टचे सु. ८६० न्यूटन असते. फरक थोडाच आहे. विमानाच्या बोल्टचे खरे मोल त्याच्या मागोव्यात असते. तो कोणत्या प्रमाणानुसार व कोणत्या घाणीतून बनला, हे कागदावर सिद्ध करता येते. शिवाय त्याचा आटे नसलेला भाग जोडाच्या जाडीनुसार ठरविलेला असल्याने छिद्रात आटे घासत नाहीत व तेथून भेग सुरू होत नाही. बाजारातून घेतलेला बोल्ट कदाचित तितकाच बळकट असेल. परंतु तसे असल्याचा पुरावा नसतो आणि तपासनीसाला हवा असतो तो पुरावाच. स्थानिक कारखान्यात करवून घेतलेल्या प्रत्येक भागाबरोबर धातूचा परीक्षण दाखला, उष्णता संस्करणाची नोंद व करणाऱ्याची सही घेऊन ठेवणे म्हणूनच आवश्यक ठरते.

वजन व गुरुत्वमध्य : दुरुस्तीमुळे विमानाचे वजन बहुधा वाढते. पंखांचे क्षेत्रफळ तेच असताना वजन १० टक्क्यांनी वाढले, तर ज्या किमान वेगाने विमान हवेत तरू शकते तो वेग सु. ५ टक्क्यांनी वाढतो आणि जमिनीवर टेकतानाची गतिज ऊर्जा सु. २१ टक्क्यांनी वाढते.

वजन कोठे वाढले, यालाही महत्त्व असते. समजा, नाकापासून ०·५ मी. अंतरावरील पुढच्या चाकावर ९० किग्रॅ. व २ मी. अंतरावरील दोन मुख्य चाकांवर मिळून ३१० किग्रॅ. भार आहे. एकूण वजन ४०० किग्रॅ. व परिबलांची बेरीज ४५ + ६२० = ६६५ किग्रॅ.-मी. होते. म्हणून गुरुत्वमध्य नाकापासून ६६५ ÷ ४०० = १·६६ मी. अंतरावर येतो. आता शेपटीत, ५·५ मी. अंतरावर, दुरुस्तीमुळे केवळ ३ किग्रॅ. भर पडली, तर तो १·६९ मी. वर सरकतो. अनुमत पल्ला १५ सेंमी.चा असेल, तर त्याचा सु. पाचवा हिस्सा एवढ्याशा दुरुस्तीत खर्ची पडतो. गुरुत्वमध्य पल्ल्याबाहेर मागे गेल्यास विमान अस्थिर होऊन वैमानिकास आवरत नाही. नियंत्रक फळ्यांवर रंगाचा जादा थर चढविल्यास त्यांचा तोल बिघडून वेगात त्या फडफडू लागतात व तुटू शकतात. यास्तव रंगकाम पूर्ण झाल्यावर विमान पुन्हा तोलणे व फळ्यांचा समतोल पुन्हा पाहणे अपरिहार्य असते.

नोंदणी व उड्डाणयोग्यता : भारतात १९३४ च्या विमान कायद्याची जागा भारतीय वायुयान अधिनियम, २०२४ याने १ जानेवारी २०२५ पासून घेतली. नोंदणी व उड्डाणयोग्यता यांची चौकट १९३७ च्या विमान नियमांनी घालून दिली असून तिची अंमलबजावणी नागरी विमान वाहतूक महासंचालनालय करते. नोंदणीमुळे विमानास राष्ट्रीयत्व प्राप्त होते व ‘व्हीटी’ या राष्ट्रचिन्हानंतर तीन अक्षरांचे चिन्ह मिळते. अर्जदारास आपली पात्रता, मालकी हक्क व आधीची नोंद असल्यास ती रद्द झाल्याचा पुरावा द्यावा लागतो. नोंदणी प्रमाणपत्र म्हणजे उडण्याचा परवाना नव्हे. त्यासाठी उड्डाणयोग्यतेचे प्रमाणपत्र किंवा अटींसह दिलेली विशेष परवानगी लागते. हौशी विमानास नमुना प्रमाणपत्र नसल्याने आंतरराष्ट्रीय प्रमाणांनुसारचे पूर्ण प्रमाणपत्र त्यास मिळू शकत नाही. मिळणारी परवानगी मर्यादित असते. व्यापारी वाहतूक, दाट वस्तीवरून उड्डाण व पूर्वसंमतीवाचून परदेशगमन या गोष्टी अशा परवानगीत सामान्यतः वर्ज्य असतात.

या दोन टप्प्यांमधील अंतर महाराष्ट्रातील एका विमानाच्या उदाहरणाने स्पष्ट होते. व्यावसायिक वैमानिक अमोल यादव यांनी मुंबईतील कांदिवली भागात चारकोप येथे निवासी इमारतीच्या गच्चीवर सहा आसनी विमान बांधले व फेब्रुवारी २०१६ मध्ये मुंबईतील ‘मेक इन इंडिया’ प्रदर्शनात ते मांडले. ‘व्हीटी-एनएमडी’ या चिन्हाने त्याची नोंद नोव्हेंबर २०१७ मध्ये झाली. उड्डाणाची परवानगी ऑक्टोबर २०१९ मध्ये मिळाली आणि धुळे येथील धावपट्टीवर चाचणी उड्डाण ऑगस्ट २०२० मध्ये झाले. येथे विमान नवे होते व निर्माता स्वतः उपस्थित होता. प्रत्येक निर्णयाचे कारण तोच सांगू शकत होता. भग्न विमानाच्या दुसऱ्या वा तिसऱ्या मालकाजवळ ही सोय नसते. त्याला मूळ निर्मात्याच्या वतीनेही कागदांवरूनच उत्तरे द्यावी लागतात. अमेरिकेत हौशी विमानाच्या वार्षिक तपासणीचा विशेष अधिकार प्रमुख निर्मात्यास मिळू शकतो, पण विमान विकल्यावर तो नव्या मालकाकडे जात नाही, त्याचे कारण हेच.

चाचणी उड्डाणे : पिंपरी-चिंचवड व चाकण पट्ट्यात नागरी धावपट्टी नाही. लोहगाव हा हवाई दलाचा तळ आहे. चाकण-राजगुरुनगर भागातील नियोजित विमानतळाचा विचार मागे पडून २०१६ मध्ये पुरंदर तालुक्याची निवड झाली. हडपसरचे मैदान ग्लायडरसाठी आहे. त्यामुळे या भागात तयार झालेले विमान पंख उतरवून रस्त्याने बारामती, कराड किंवा धुळे यांसारख्या ठिकाणी न्यावे लागते. तेथे पुन्हा जोडणी केल्यावर प्रत्येक नियंत्रक योग्य दिशेस हलतो की नाही, हे दोन वेगवेगळ्या व्यक्तींनी तपासावयाचे असते.

चाचणीचा क्रम ठरलेला असतो. प्रथम दोर बांधून एंजिन पूर्ण शक्तीवर चालवितात व इंधनाचा प्रवाह मोजतात. नंतर मंद व वेगवान धावा घेतात. पहिल्या उड्डाणात केवळ वैमानिक असतो व तो धावपट्टीच्या टप्प्यातच राहतो. अमेरिकेत प्रमाणित एंजिन व प्रचालक यांची मान्य जोडी असल्यास किमान २५ तास व अन्यथा ४० तास अशी उड्डाणे ठरावीक क्षेत्रात करावी लागतात. त्या काळात वेग, चढाव, तापमान व हाताळणी यांच्या नोंदी होतात आणि त्यांवरून त्या एका विमानाची स्वतःची माहितीपुस्तिका तयार होते.

पुनर्बांधणी पूर्ण झाल्याचे गमक पहिले उड्डाण हे नसून ही पुस्तिका व तिच्यासोबतच्या नोंदवह्या हे होय. विमान पुढे ज्याच्या हाती जाईल, त्याला बांधणाऱ्यांपैकी कोणीही भेटण्याची खात्री नसते. त्याच्या व त्याच्या सहप्रवाशाच्या सुरक्षिततेचा आधार म्हणून हेच कागद त्याच्याजवळ उरतात.